खत कुजवताना ओलावा किती ठेवावा?

(डहाणू-तलासरी भागातील शेतकऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज आपण बोलणार आहोत ते खताच्या ढिगातल्या पाण्याविषयी. गोठ्यातले शेण, मूत, जनावरांखाली अंथरलेला पेंढा-पाला आणि पोल्ट्रीतली गादी यांपासून चांगले कुजलेले खत करायचे, तर सर्वांत जास्त लक्ष कशाकडे द्यावे, असे मला कोणी विचारले तर मी ‘ओलाव्याकडे’ असे उत्तर देईन. हे उत्तर मी पुस्तकातून शिकलो खरा, पण पटले ते स्वतःच्या चुकीतून. म्हणून आधी ती चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर मी गेलो होतो. तिथल्या एका काकांनी मिरचीसाठी टेम्पोभर पोल्ट्रीचे खत आणून टाकले होते. मी त्यांना सांगितले, “ढीग लावा, पाणी मारा, तीन महिन्यांत खत तयार.” काकांनी तीन संध्याकाळी पंपाच्या नळीने ढिगावर पाणी मारले. पाणी वरून आले तसे बाजूने वाहून गेले. वरचा वीतभर थर चिखल झाला आणि आतला भाग पावडरीसारखा कोरडाच राहिला. जूनमध्ये पाऊस लागला. ढीग घराच्या पागोळ्यांखाली होता. ऑक्टोबरमध्ये तो फोडला तेव्हा तळाला काळा, घाण वास येणारा राडा होता आणि मध्यभागी न कुजलेले कोरडे खत. तेच खत लावणीत पडले आणि रोपे करपली. काका रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “साहेब, पाणी मारा म्हणालात, पण किती ते नाही सांगितलंत.”

त्या ‘किती’चे उत्तर आज द्यायचे आहे.

ओलावा कशासाठी?

खत कुजवण्याचे काम जिवाणू आणि बुरशी करतात. हे जीव पदार्थाच्या कणांभोवती असलेल्या पाण्याच्या पातळ थरात राहतात. त्यांचे अन्न पाण्यात विरघळूनच त्यांच्यापर्यंत पोचते. ढीग कोरडा असेल तर त्यांचे काम थांबते. पण त्यांना प्राणवायूही हवा, आणि तो कणांमधल्या पोकळ्यांतून मिळतो. पोकळ्या पाण्याने भरल्या की हवा आत शिरत नाही, कारण प्राणवायू हवेपेक्षा पाण्यातून सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. मग हवेवर जगणारे जिवाणू मागे पडतात, हवेशिवाय जगणारे वाढतात. ढीग थंड पडतो आणि सडका वास सुटतो.

म्हणून ढिगात वजनाच्या ५० ते ६० टक्के ओलावा असावा. ४० टक्क्यांखाली काम मंदावते आणि ६५ टक्क्यांवर हवा कोंडते. योग्य ओलावा असेल तर तीन-चार दिवसांत ढिगाचे तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते. या उष्णतेत तणांचे बी, रोगांचे जंतू आणि माश्यांच्या अळ्या मरतात. थंड उकिरड्यात हे काहीच होत नाही.

ओलावा मोजायचा कसा?

यासाठी यंत्र लागत नाही. ढिगात कोपरापर्यंत हात घालून मूठभर माल काढावा आणि जोराने दाबावा.

१. बोटांमधून पाण्याची धार लागली किंवा थेंब गळतच राहिले, तर ओलावा ६५ टक्क्यांहून जास्त आहे.

२. बोटांच्या फटीत एक-दोन थेंब दिसले, मूठ उघडल्यावर गोळा टिकला आणि बोटाने टिचकी मारताच फुटला, तर ओलावा बरोबर आहे.

३. मूठ उघडताच माल सुटा झाला आणि तळहात कोरडा राहिला, तर ओलावा ४० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे.

ही परीक्षा ढिगाच्या वरच्या थरावर करू नये. काकांच्या ढिगात वर चिखल आणि आत धूळ होती, हे विसरू नका. निदान तीन ठिकाणी आत हात घालावा. मात्र तापलेल्या ढिगात हात घालू नये, आधी फावड्याने माल बाहेर काढावा.

ज्यांना आकडा हवा त्यांनी एक किलो माल तोलून पत्र्यावर पातळ पसरावा आणि वजन उतरणे थांबेपर्यंत दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवावा. शेवटी ४०० ग्रॅम उरला तर ओलावा सुमारे ६० टक्के होता. उन्हात सगळे पाणी जात नाही, तरी आपल्या कामापुरता हा अंदाज चालतो.

आपल्याकडच्या मालात पाणी किती?

ताजे शेण: ७५ ते ८५ टक्के.
गिरिपुष्पाचा हिरवा पाला: ७५ ते ८० टक्के.
पोल्ट्रीची कोरडी गादी: २० ते ३० टक्के.
वाळलेला पालापाचोळा: १० ते २० टक्के.
भाताचा वाळलेला पेंढा: १० ते १५ टक्के.

हे आकडे पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. नुसते शेण कुजण्यासाठी फार ओले आहे आणि नुसती पोल्ट्रीची गादी फार कोरडी आहे. आपण मात्र शेण एका खड्ड्यात टाकतो आणि पोल्ट्रीचे खत दुसऱ्या कोपऱ्यात. एक सडते, दुसरे वाळते.

गोठ्यातील अंथरूण

जनावर जेवढे नत्र बाहेर टाकते त्यातले सुमारे निम्मे मुतातून जाते आणि पालाश तर बहुतांश मुतातूनच जाते. गोठ्याची जमीन मातीची असेल तर हे सगळे जमिनीत मुरते. जनावरांखाली पेंढा, वाळका पाला किंवा गव्हाणीत उरलेले गवत अंथरले तर ते मूत धरून ठेवते. भाताचा पेंढा आपल्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी शोषतो. भाताचे तूस कमी शोषते आणि त्यात सिलिका जास्त असल्याने सावकाश कुजते. पण तुसामुळे ढीग पोकळ राहतो, म्हणून ते थोडे मिसळायला हरकत नाही.

ही कल्पना नवी नाही. इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी १९२४ ते १९३१ या काळात खताची जी पद्धत बसवली, ती इंदूर पद्धत म्हणून जगभर गेली. तिची सुरुवातच गोठ्यात होते. शेतातला काडीकचरा आधी बैलांखाली अंथरायचा, मूत मुरलेली माती गोळा करायची आणि हे सर्व शेणाबरोबर ढिगात घालायचे, असा तिचा क्रम आहे. या दोघांचे पुस्तक १९३१ साली प्रसिद्ध झाले.

आता हिशेब पाहू. समजा, एका जनावराचे रोजचे शेण १० कि.ग्रॅ. आहे. त्याच्याखाली ३ कि.ग्रॅ. पेंढा अंथरला आणि त्याने ३ लिटर मूत धरले. सकाळी हे सारे एकत्र केले तर ओलावा सुमारे ७१ टक्के भरतो, म्हणजे अजून जास्तच. त्यात सुमारे ४ कि.ग्रॅ. वाळका पाला मिसळला की ओलावा ६० टक्क्यांवर येतो.

कोणी म्हणेल, अंथरण्याचा खटाटोप कशाला, शेणात थेट कोरडा पेंढा मिसळला तर? तेही करता येते. १०० कि.ग्रॅ. शेणाला सुमारे ४० कि.ग्रॅ. पेंढा लागेल. पण पेंढ्यात कर्ब फार आणि नत्र कमी. अशा मिश्रणाचे कर्ब-नत्र गुणोत्तर ४० च्या वर जाते आणि खत कुजायला वेळ लागतो. तोच पेंढा मुतात भिजून आला तर हे गुणोत्तर ३० च्या जवळ राहते. म्हणून पेंढा आधी गोठ्यात जाऊ द्यावा, मग ढिगात.

पोल्ट्रीची गादी

पोल्ट्रीच्या गादीचा प्रश्न उलटा आहे. तिच्यात नत्र भरपूर, पाणी कमी. नुसत्या १०० कि.ग्रॅ. कोरड्या गादीला योग्य ओलावा येण्यासाठी सुमारे ६५ लिटर पाणी लागते. म्हणजे एक टन खताला ६५० लिटर. तीन संध्याकाळी नळी धरून एवढे पाणी आतपर्यंत मुरत नाही. शिवाय नुसती गादी भिजवली तर नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते. डोळ्यांत झोंबणारा तो वास म्हणजे आपण पैसे देऊन आणलेले नत्र हवेत चालले आहे, असे समजावे.

यासाठी गादीच्या वजनाइतकाच वाळका पाला किंवा पेंढा मिसळावा. १०० कि.ग्रॅ. गादी, १०० कि.ग्रॅ. पाला आणि १६० लिटर पाणी, म्हणजे १५ लिटरच्या सुमारे अकरा बादल्या. ज्यांच्याकडे जनावरे आहेत त्यांनी तर पाणी आणूच नये. १०० कि.ग्रॅ. गादी, १०० कि.ग्रॅ. वाळका पाला आणि ३०० कि.ग्रॅ. ताजे शेण एकत्र करावे. ओलावा ५५ टक्क्यांच्या जवळ येतो आणि कर्ब-नत्र गुणोत्तरही २० ते २५ च्या दरम्यान बसते. शेणातले जास्तीचे पाणी गादीला मिळते. एक भाग गादी, एक भाग पाला, तीन भाग शेण, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

हे भाग वजनाचे आहेत, पाट्यांचे नाहीत. पाला हलका असतो, त्यामुळे तो कितीतरी जास्त पाट्या लागेल. पहिल्या वेळी प्रत्येक मालाची एक पाटी तोलून पाहावी आणि त्यावरून आपल्या पाट्यांचे प्रमाण ठरवावे. आपला माल मी सांगितल्यापेक्षा ओला किंवा कोरडा असू शकतो. म्हणून मिसळून झाल्यावर मूठ दाबून पाहावीच.

चिकूच्या वाडीतला पाला जाड आणि चिवट असतो. तो कोयत्याने तोडून किंवा बैलांच्या पायांखाली तुडवून घ्यावा. अख्खी पाने एकावर एक चिकटली की त्यांच्यामध्ये ना हवा जाते ना पाणी.

ढीग लावण्याची रीत

आपल्या भागात जून ते सप्टेंबर खड्डा करणे म्हणजे डबके करणे. साधा हिशेब आहे. १ मि.मी. पाऊस म्हणजे १ चौरस मीटरवर १ लिटर पाणी. तुमचा उकिरडा ३ मीटर लांब आणि २ मीटर रुंद असेल तर १०० मि.मी. पावसाच्या एका दिवसात त्यात ६०० लिटर पाणी पडते. हंगामात १५०० मि.मी. पाऊस धरला तर ९,००० लिटर. बाहेरून वाहत येणारे पाणी वेगळेच. उकिरड्यातून जे तांबूस-काळे पाणी ओहोळाला जाते त्यात विरघळलेले नत्र आणि पालाश असते. मागे राहतो तो चोथा.

इंदूर पद्धतीतही पावसाळ्यासाठी खड्ड्याऐवजी जमिनीवरचा ढीग आणि वर छप्पर असेच सांगितले आहे. आपण पुढीलप्रमाणे करावे.

१. जागा उंचवट्यावर, गोठ्याजवळ आणि विहिरीपासून लांब निवडावी. वीतभर उंच ओटा करून भोवती चर काढावा.

२. तळाला तुरीच्या काड्या किंवा झाडाच्या बारीक फांद्या आडव्यातिडव्या टाकाव्यात, म्हणजे खालून हवा खेळते.

३. ढीग तळाशी २ मीटर रुंद आणि दीड मीटर उंच ठेवावा, लांबी मालाप्रमाणे. याहून लहान ढीग लवकर वाळतो आणि तापत नाही. याहून उंच ढीग आपल्याच वजनाने दबतो.

४. माल थरांनी घालावा आणि प्रत्येक थर झारीने भिजवून मगच पुढचा थर द्यावा. ढीग पूर्ण झाल्यावर वरून पाणी ओतून आतला कोरडेपणा जात नाही.

५. पंधरा दिवसांनी पहिली, त्यानंतर पंधरा दिवसांनी दुसरी आणि त्यापुढे महिन्याने तिसरी पालटणी द्यावी. बाहेरचा माल आत आणि आतला बाहेर घ्यावा. पाणी द्यायचे ते पालटतानाच, मूठ दाबून पाहून.

शेणाची टंचाई असलेल्यांसाठी पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांची नाडेप पद्धत उपयोगी आहे. तिच्यात विटांच्या जाळीदार टाक्यात थोडे शेण, भरपूर काडीकचरा आणि चाळलेली माती भरतात. एका टाक्याला भरतानाच दीड ते दोन हजार लिटर पाणी लागते. आपल्याकडे हे टाके करायचे असेल तर पावसाळ्यात त्यावरही छप्पर हवेच.

उन्हाळ्यात पाणी, पावसाळ्यात इरले

एकाच ढिगाची काळजी मार्चमध्ये वेगळी आणि जुलैमध्ये वेगळी असते. उन्हाळ्यात वारा आणि ढिगातली उष्णता मिळून पाणी उडवतात. म्हणून ढीग झाडाच्या सावलीत लावावा आणि वर पेंढ्याचा किंवा पाल्याचा वीतभर थर द्यावा.

पावसाळ्यात लावणीला जाताना आपण इरले घेतो. इरल्याने पाऊस अडतो, पण अंग कोंडत नाही. ढिगालाही तसेच इरले हवे. नारळाच्या झावळ्या, ताडाची पाने किंवा गवताने शाकारलेले उतरते छप्पर चालेल. प्लॅस्टिकचा कागद वापरायचा तर तो बांबूवर ताणून ढिगापासून निदान फूटभर वर ठेवावा. कागद ढिगाला गुंडाळला तर आतली वाफ आणि पाणी आतच राहते आणि खत सडते.

सर्वांत चांगले म्हणजे भाताची झोडणी झाली की पेंढा राखून ठेवावा, फेब्रुवारीत ढीग लावावा आणि जून उजाडण्यापूर्वी खत तयार करावे. पावसाळ्यात गोळा होणारे शेण आणि अंथरूण छपराखाली साठवावे. त्यासाठी दिवाळीनंतरच वाळका पाला भरून ठेवावा, कारण जुलैमध्ये कोरडा पाला कोठून आणणार? चरातले काळे पाणी एका लहान खड्ड्यात धरावे आणि ढिगातला कोरडा भाग भिजवायला वापरावे.

बिघाड कसा ओळखावा?

लोखंडी पहार ढिगात पंधरा मिनिटे खुपसून ठेवावी. बाहेर काढल्यावर हातात धरवत नसेल तर ढीग चांगला चालला आहे. पहिल्या महिन्यातच ती थंड निघाली तर पुढील खुणा पाहाव्यात.

पहार ओली-चिकट आणि सडक्या अंड्यासारखा वास असेल तर पाणी जास्त झाले आहे. ढीग फोडून वाळका पाला किंवा तूस मिसळावे आणि नव्याने रचावा.

पहार कोरडी आणि मालावर राखेसारखा पांढरा-करडा थर असेल तर ढीग आतून वाळला आहे. फोडून थराथराने भिजवावा. अशा कोरड्या मालाची धूळ उडते, म्हणून तोंडाला फडके बांधावे.

डोळ्यांना झोंबणारा वास असेल तर नत्र उडते आहे. पाला किंवा पेंढा वाढवावा आणि ओलावा तपासावा.

पांढऱ्या, जाड, वाकड्या अळ्या दिसल्या तर दुर्लक्ष करू नये. नारळाचा गेंड्या भुंगा अशाच न पालटलेल्या शेणखतात वाढतो. किनाऱ्याकडच्या वाड्यांना त्याचा उपद्रव आहेच. पालटणी करताना अळ्या वेचून नष्ट कराव्यात.

तयार खत काळसर, भुसभुशीत असते. त्याला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो आणि ते पुन्हा भिजवले तरी तापत नाही. हे होईपर्यंत ते रोपांजवळ नेऊ नये.

दोन गोष्टी पैशाच्या आणि कष्टाच्या

वाडीसाठी बाहेरून शेणखत घेणाऱ्यांनी भाव ठरवण्यापूर्वी मूठ दाबून पाहावी. ८० टक्के ओल्या एक टन खतात कोरडा माल २०० कि.ग्रॅ. असतो. ६० टक्के ओल्या एक टनात तो ४०० कि.ग्रॅ. असतो, म्हणजे दुप्पट. वजन तेच, भाडे तेच. खत वजनावर घेत असाल तर पाण्याचे पैसे आपण देत आहोत का, हे आधी पाहावे.

दुसरी गोष्ट राबाची. भाताच्या रोपासाठी आपण शेण, पाला आणि टहाळ जाळून राब भाजतो. त्याने तणांचे बी मरते हे खरे. पण शेणापाल्यातले नत्र धुरात जाते आणि राबासाठी टहाळ तोडून डोक्यावर वाहून आणायचे कष्ट बहुधा घरातल्या बायकांच्या वाट्याला येतात. व्यवस्थित तापलेल्या ढिगातही तणांचे बी मरते. असे खत गादीवाफ्यात घालून रोप करता येते. वाफ्यातल्या मातीत आधीपासून असलेले तण मात्र खुरपावे लागेल, हे मी लपवत नाही. एकदम सगळा राब सोडा असे म्हणत नाही. यंदा एका गुंठ्यावर करून पाहा, शेजारी राबाचे रोप ठेवा आणि तुम्हीच तुलना करा.

बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी अनेकांकडे जमीन थोडी आहे, जनावरे दोन-चार आहेत आणि रासायनिक खताची गोणी प्रत्येक वेळी परवडतेच असे नाही. अशा घरात पावसाळाभर उकिरड्यातून वाहून जाणारे काळे पाणी हे साधे नुकसान नाही. ते थांबवायला पाला, पेंढा, झावळ्यांचे छप्पर आणि आपला हात एवढेच लागते. अधिक माहितीसाठी कोसबाड येथील कृषी विज्ञान केंद्रात किंवा आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्यांकडे अवश्य चौकशी करावी.

ज्या काकांची गोष्ट मी सुरुवातीला सांगितली ते आज इथे बसले आहेत. काका, तुमच्या टनभर कोरड्या गादीला तेवढाच पाला आणि सोळाशे लिटर पाणी लागले असते, किंवा तीन टन शेण. आणि वर एक इरले. हे मी त्या मे महिन्यातच सांगायला हवे होते.